पहिली वस्तू म्हणून पाट करा

प्रश्न थोडक्यात असा आहे: "पुण्यात धनकवडीला दुसऱ्या मजल्यावर राहतो. नोकरी आयटीतली, वेळ मिळतो तो शनिवार-रविवारी. गावच्या घराची दुरुस्ती झाली तेव्हा निघालेल्या सागाच्या चार जुन्या फळ्या बाल्कनीत पडून आहेत. पंधरा हजारांपर्यंत खर्च करू शकतो. ड्रिल, जिगसॉ, सँडर असा एकत्र सेट घ्यावा की हातहत्यारं? आणि पुस्तकांच्या कपाटापासून सुरुवात केली तर चालेल का?"

सेट घेऊ नका आणि कपाट पुढच्या वर्षी करा. त्या फळ्या मात्र आजच बाल्कनीतून घरात आणा. पन्नास-साठ वर्षं घरात मुरलेला साग वखारीत पैसे टाकूनही सहज मिळत नाही, आणि तो तुमच्या बाल्कनीत पावसाचे शिंतोडे खातोय.

मी सत्तावीस वर्षं फर्निचरचं काम करतोय. सुरुवात आयटीआयच्या सुतारकाम ट्रेडपासून झाली. तिथे पहिले तीन आठवडे आम्हाला वस्तू म्हणून काही करूच दिलं नाही. रंध्याचं, म्हणजे लाकूड तासून सपाट करायच्या हत्याराचं, पातं काढायचं, धार लावायची, पुन्हा बसवायचं आणि एक ओबडधोबड तुकडा चारही बाजूंनी काटकोनात आणायचा, एवढंच. तेव्हा राग यायचा. आज माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांना मी तेच करायला लावतो, कारण पुढचं सगळं काम त्या दोन गोष्टींवर उभं राहतं: धार आणि काटकोन.

हातहत्यारं घ्या असं म्हणतो त्यात जुन्याचा हट्ट नाही. दुसऱ्या मजल्यावर रविवारी सकाळी जिगसॉ, म्हणजे विजेची करवत, चालवलात तर दुसऱ्याच आठवड्यात सोसायटीची नोटीस येईल. सँडरची, म्हणजे लाकूड घासायच्या मशीनची, बारीक धूळ घरभर बसते, आणि लाकडाची धूळ ही कर्करोगाला कारण ठरलेल्या गोष्टींच्या यादीत आहे; ती सहज घेण्यासारखी नाही. रंधा मारला की धूळ जवळजवळ होत नाही, छिलके निघतात, ते झाडूने गोळा होतात. त्याहून मोठं कारण म्हणजे मशीन लाकडाविषयी काही सांगत नाही. रंधा लाकडाच्या रेषेच्या, म्हणजे तंतूंच्या, उलट गेला की हाताला लगेच झटका बसतो, लाकूड उचकटतं, आवाज बदलतो. लाकडाचा रोख कुठे आहे हे त्यातूनच कळायला लागतं.

आता काय घ्यायचं ते. लोखंडी रंधा, चार नंबरचा. साधारण साडेनऊ इंच लांब आणि दोन इंची पात्याचा. घरच्या कामाला पहिली काही वर्षं हा एक पुरतो. देशी बनावटीचा चालेल, फक्त दुकानात स्टीलची पट्टी तळावर आडवी-उभी ठेवून उजेडाकडे बघा. मध्यभागी पोकळ असेल तर तो ठेवून द्या, दुसरा मागा. पटाश्या, म्हणजे लाकूड कोरायच्या सपाट छिन्न्या, तीनच घ्या: ६, १२ आणि २५ मिलिमीटर. सहाचा सेट घेतलात तरी वापरात याच तीन राहतात. करवती दोन: एक लांब, फळी कापायला, दुसरी लहान, पाठीवर जाड पट्टी असलेली आणि बारीक दातांची, जोडाच्या कामाला. काटकोन पाहायचा गुण्या, कडेला समांतर रेघ आखायचं मार्किंग गेज, एक फुटाची स्टीलची पट्टी, धारदार चाकू, लाकडी मोगरी (हातोडा), चार सी क्लॅम्प. विजेवर चालणारं एकच घ्या, बॅटरीचं ड्रिल मशीन. हे सगळं तुमच्या रकमेच्या साधारण निम्म्यात बसावं. उरलेले पैसे मोडू नका. काम करताना कशाची उणीव भासते ते कळेल, तेव्हा ते घ्या.

गुण्या विकत घेतल्यावर घरी एक तपासणी कराच. सरळ कडेच्या एखाद्या प्लायच्या तुकड्यावर गुण्याचा दांडा कडेला घट्ट दाबून चाकूने रेघ मारा. मग गुण्या उलटा फिरवून त्याच बिंदूपासून दुसरी रेघ मारा. दोन्ही रेघा एकमेकींवर बसल्या तर गुण्या बरोबर. वर जाऊन फाकल्या तर जेवढं अंतर फाकलं त्याच्या निम्मी चूक गुण्यात आहे. नवा कोरा गुण्या चुकीचा निघालेला मी अनेकदा पाहिलाय, आणि घेणारा बिचारा महिनाभर आपला हातच वाकडा आहे असं समजत बसतो.

धारेवर मी थोडा जास्त वेळ घेणार आहे. नवी पटाशी दुकानातून येते ती धार लावून येत नाही, नुसता आकार देऊन येते. नवशिक्या माणूस ती तशीच वापरतो, लाकूड चिरडतं, मग तो जोर लावतो. जोर लावला की पटाशी सटकते. माझ्या डाव्या अंगठ्याच्या बुडाशी आजही पाऊण इंचाचा व्रण आहे. तुकडा हातात धरून बोथट पटाशीने खाच साफ करत होतो, चार टाके पडले. तेव्हापासून दोन नियम पाळतो. कापायचा तुकडा कधीच हातात धरायचा नाही, तो क्लॅम्पने बांधायचा. आणि दुसरा हात कायम पात्याच्या मागे राहील, पुढे कधीच नाही.

धार लावायला महागडे दगड लागत नाहीत. काचेच्या दुकानातून ८ किंवा १० मिलिमीटर जाडीच्या काचेचा एक फुटाचा तुकडा कडा घासून आणा, किंवा ग्रॅनाइटची उरलेली सपाट लादी घ्या. हार्डवेअरच्या दुकानात पाण्याचा पॉलिश पेपर मिळतो, काळ्या रंगाचा. २२०, ४००, ८००, १२०० आणि २००० असे नंबर घ्या. काचेवर पाणी शिंपडून पेपर चिकटवा. आधी पटाशीची पाठ, म्हणजे सपाट बाजू, टोकाकडची इंचभर जागा एकामागून एक सगळ्या पेपरांवर घासा, ती आरशासारखी होईपर्यंत. हे पहिल्यांदाच करायचं, पण अर्धा तास लागतो आणि टाळून चालत नाही. धार म्हणजे दोन बाजूंची भेट. एक बाजू खरबरीत असली तर दुसरी कितीही चकचकीत करा, उपयोग नाही.

मग उतार. त्याचा कोन साधारण २५ ते ३० अंश हवा. कोन मोजायला साधन लागत नाही: उताराची लांबी पटाशीच्या जाडीच्या बरोबर दुप्पट असेल तर कोन ३० अंशांचा. म्हणजे जाडी ४ मिलिमीटर असेल आणि उतार ८ मिलिमीटर, तर ३०. उतार साडेनऊच्या आसपास असेल तर २५. उतार पेपरवर सपाट टेकवा, दोन्ही हातांची बोटं टोकाजवळ ठेवून आपल्याकडे ओढा. पुढे ढकलू नका, पेपर फाटतो. काही वेळाने पाठीकडून बोट हळूच बाहेरच्या दिशेने फिरवा. कडेला बारीक खरखर लागेल, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. ती लागली म्हणजे धार कडेपर्यंत पोचली. ती लागेपर्यंत पुढचा पेपर घ्यायचा नाही. शेवटच्या पेपरनंतर पाठ एकदा सपाट घासून ती खरखर काढून टाका, आणि जुन्या चामडी पट्ट्याच्या आतल्या बाजूवर दहा-बारा वेळा ओढा. आता पाइनच्या तुकड्याच्या टोकावर, म्हणजे रेषा जिथे कापल्या जातात त्या बाजूवर, पटाशी दाबा. भुगा न होता चकाकणारा पापुद्रा निघाला तर धार लागली.

ग्राइंडरवर धार लावायची घाई करू नका. पात्याचं टोक निळं पडलं की हत्याराचं पाणी, म्हणजे पोलादाचा कडकपणा, उतरलं म्हणून समजा. मग कितीही घासा, धार दहा मिनिटंसुद्धा टिकत नाही, ती निळी जागा घासून संपवावी लागते.

रंध्याचं पातंही याच पद्धतीने. पात्यावर जी दुसरी पट्टी स्क्रूने बसते ती धारेपासून एक मिलिमीटर मागे ठेवा. लाकूड उचकटत असेल तर अर्ध्या मिलिमीटरवर आणा. आणि तळावर पांढरी मेणबत्ती दोनदा घासा. एवढ्याशा मेणाने रंधा किती हलका होतो हे हाताने अनुभवल्याशिवाय पटत नाही.

कामाची जागा म्हणून टेबल नाही याची काळजी करू नका. आपले सुतार पिढ्यान् पिढ्या जमिनीवर बसून, तुकडा पायाने दाबून काम करत आले. तुम्ही पायाने धरू नका, त्याला सराव लागतो. जाड लाकडाची तीन-चार फूट लांब फळी जमिनीवर ठेवा, तिचं पुढचं टोक भिंतीला टेकवा, टोकाशी एक आडवी पट्टी स्क्रूने मारा. रंधायची फळी त्या पट्टीला अडते आणि भिंत तुमचा सगळा जोर घेते. मध्ये जुन्या सतरंजीची घडी घातली की भिंतीचा रंगही जात नाही.

आता तुमच्या फळ्या. पहिल्यांदा चुंबक घ्या आणि प्रत्येक फळीवरून दोन्ही बाजूंनी इंच इंच फिरवा. जुन्या घराच्या लाकडात खिळे असतातच, आणि डोकं तुटलेला खिळा डोळ्याला दिसत नाही. एका खिळ्याने रंध्याच्या पात्याला जी खाच पडते ती काढायला तासभर जातो. खिळा निघत असेल तर अंबुराने, म्हणजे खिळे उपटायच्या पकडीने, काढा; निघत नसेल तर तिथे खडूने गोल करा आणि तो भाग सोडून मापं बसवा. फळ्यांना जुना ऑइलपेंट असेल तर तो पॉलिश पेपरने घासू नका. जुन्या रंगांत शिसं असायचं; घरगुती रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाखांत ९० भाग) मर्यादा आपल्याकडे २०१७ मध्ये लागू झाली. लहान मूल जवळपास नसताना तो रंग रंध्याने छिलक्यांच्या रूपात काढा, खाली वर्तमानपत्र अंथरा आणि सगळं गुंडाळून टाकून द्या.

सरावाला मात्र हा साग वापरू नका. पॅकिंगचं पाइन स्वस्तात मिळतं, त्यावर हात बसवा. परदेशातून आलेल्या पॅलेटवर, म्हणजे माल ठेवायच्या लाकडी चौकटीवर, शिक्का असतो. "एचटी" अशी अक्षरं असतील तर ते लाकूड उष्णता देऊन कीडमुक्त केलेलं आहे, ते घ्या. "एमबी" असेल तर विषारी वायूची धुरी दिलेली आहे, ते घरात आणू नका.

पुस्तकांच्या कपाटात वीस-पंचवीस जोड असतात आणि प्रत्येक जोडातली अर्ध्या मिलिमीटरची चूक पुढच्या जोडात जाते. पाटात एक फळी आणि खाली दोन आडव्या पट्ट्या. तरीही सपाट करणं, कड सरळ करणं, काटकोन, माप, छिद्र, स्क्रू, पॉलिश हे सगळं त्यात येतं. आणि झाल्यावर तो घरात रोज वापरला जातो. आजी-आजोबांच्या घराच्या लाकडाचा पाट गणपतीला मांडला गेला की घरातल्यांची नजर बदलते, मग बाल्कनीतल्या पसाऱ्याबद्दल कुणी बोलत नाही.

फळीतून साधारण दीड फूट लांब आणि दहा इंच रुंद तुकडा कापा. आधी एक बाजू सपाट करायची. फळीला पीळ आहे का हे पाहायला सारख्या रुंदीच्या दोन सरळ पट्ट्या दोन्ही टोकांना आडव्या ठेवा, डोळा खाली आणून पुढच्या पट्टीच्या वरच्या कडेवरून मागची बघा. दोन्ही कडा समांतर दिसल्या तर पीळ नाही. एक कोपरा वर दिसला तर तो आणि त्याच्या समोरचा तिरपा कोपरा उंच आहेत, तिथेच रंधा मारा. सुरुवात तिरक्या दिशेने, शेवट रेषेच्या दिशेने. मग एक लांब कड काटकोनात घ्या, तिच्यावरून गेजने रुंदी आखा, दुसरी कड घ्या. शेवटी टोकं. टोकावर रंधा एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत नेऊ नका, शेवटचा कोपरा तुटून पडतो. दोन्ही कडांकडून मध्यापर्यंत या. सगळ्या खुणा चाकूने करा. पेन्सिलची रेघ अर्धा मिलिमीटर जाड असते. चाकूच्या रेघेत पटाशी आपोआप बसते.

खालच्या पट्ट्या दीड इंच उंचीच्या, रुंदीच्या दिशेने आडव्या. इथेच बहुतेकांची चूक होते, माझीही झाली. २००३ साली चिपळूणच्या एका घरासाठी मी सागाचं जेवणाचं टेबल केलं. ऐन पावसाळ्यात. वरच्या फळ्यांच्या टोकांना आडव्या पट्ट्या फेविकॉल लावून, स्क्रूने घट्ट बसवल्या. दिसायला सुंदर झालं. एप्रिलमध्ये बोलावणं आलं, तर मधोमध फूटभर लांबीची भेग, पाच रुपयांचं नाणं उभं जाईल एवढी. लाकूड लांबीत जवळजवळ हलत नाही, पण रुंदीत दर पावसाळ्यात फुगतं आणि उन्हाळ्यात आक्रसतं. साग त्यातल्या त्यात शांत, म्हणून तर त्याला मान. तरी कोकणातल्या हवेत दहा इंचांची फळी जुलै आणि मेमध्ये दोन-अडीच मिलिमीटरनी वेगळी मोजते. मी तिला आडव्या पट्टीने बांधून टाकली होती. तिला जागा नव्हती, ती फाटली. टेबल मी परत आणून स्वखर्चाने नवं करून दिलं.

म्हणून पाटाच्या पट्टीला सरस लावू नका, फक्त स्क्रू. मधल्या स्क्रूचं छिद्र नेमकं ठेवा आणि दोन्ही टोकांच्या स्क्रूंची छिद्रं पट्टीच्या लांबीच्या दिशेने लांबट करा. ४ मिलिमीटरच्या स्क्रूला ७ मिलिमीटर लांबीची फट पुरते. शेजारी-शेजारी दोन छिद्रं पाडून मधला भाग बारीक कानशीने साफ केला की झालं. वरची फळी रंधून २२ मिलिमीटर राहिली आणि पट्टी ३८ मिलिमीटर असेल, तर ५० मिलिमीटरचा स्क्रू घ्या आणि त्याचं डोकं पट्टीत ५ मिलिमीटर आत बसवा. म्हणजे १७ मिलिमीटर फळीत जातो, वरून बाहेर येत नाही. ड्रिलच्या बिटला त्या मापावर चिकटपट्टी गुंडाळा, खूण म्हणून.

पूजेच्या पाटाला लोखंड नको असं काही घरांत असतं. पितळी स्क्रू मिळतात, पण पितळ मऊ; सागात थेट पिळलात तर डोकं तुटून हातात येतं. आधी त्याच मापाचा लोखंडी स्क्रू पिळून आटे पाडा, तो काढा, मग पितळी स्क्रूला साबण लावून हातानेच बसवा. मशीन नको.

पॉलिशला उकळलेलं जवसाचं तेल. जुन्या बनियनच्या तुकड्याने पातळ हात द्या, वीस मिनिटांनी उरलेलं सगळं पुसून काढा, एक दिवस थांबा. असे तीन-चार हात. सागाचा रंग पहिल्याच हाताला जो उघडतो, मधाचा आणि त्यात काळसर रेघा, तो पाहायला घरच्यांना बोलवा. पण तेलाच्या चिंध्या बोळा करून डब्यात टाकू नका. हे तेल वाळताना गरम होतं आणि बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. चिंधी दोरीवर पसरून कडक वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा, मग टाका. दुकानदार हे सांगत नाहीत, म्हणून मी प्रत्येकाला सांगतो.

आणखी एक गोष्ट कळकळीने. फरशी कापायचा मार्बल कटर घेऊन त्याला लाकूड कापायचं पातं लावायचं, किंवा तो उलटा करून टेबलात बसवायचा, हे आपल्याकडे साइटवर सर्रास चालतं. ग्राइंडरला दातेरी पातं लावणारेही आहेत. पातं लाकडात अडकलं की मशीन उसळून अंगावर येतं, आणि पात्यावर झाकण नसतं. या जुगाडात बोटं गमावलेले दोन कारागीर मी स्वतः ओळखतो, दोघेही माझ्याहून सफाईदार हाताचे. प्लायचे मोठे कट लागले तर दुकानातूनच मापाने कापून आणा. बऱ्याच ठिकाणी थोडे पैसे घेऊन कापून देतात.

दोन-तीन पाट झाले की कुसवाच्या जोडाचं, म्हणजे एका तुकड्याची जीभ दुसऱ्याच्या खाचेत बसते त्या जोडाचं, एक स्टूल करा. त्यानंतर कपाटाकडे वळा, तेही १८ मिलिमीटरच्या प्लायमध्ये, आणि उरलेला साग समोरच्या कडांना पट्टी म्हणून वापरा. कप्प्याची लांबी अडीच फुटांच्या वर नेऊ नका. तीन फुटांचा कप्पा रिकामा असताना सरळ दिसतो, पण त्यात शब्दकोश आणि दिवाळी अंक गच्च भरले की वर्षभरात मधोमध खाली येतो. समोरच्या कडेला दीड इंच उंचीची सागाची पट्टी उभी बसवलीत तर तो पुष्कळच ताठ राहतो, म्हणून फळ्या कापताना त्या पट्ट्यांपुरतं लांब लाकूड आधीच बाजूला काढून ठेवा.